कंपनीचा मेल दुसरीकडे हलवला, आता थंडरबर्ड आणि आउटलुकचं काय करायचं?

जुनं खातं पुसू नका.

बाकीचं खाली सविस्तर लिहिलंय, पण अर्धं वाचून कामाला लागणारे लोक असतात, त्यांच्यासाठी हे वाक्य सगळ्यात वर. मीही तशीच अर्धं ऐकून कामाला लागले होते आणि प्रॉडक्शनच्या कम्प्युटरवरचे तीन वर्षांचे मेल घालवून बसले. ती कथा पुढे येते.

मी कम्प्युटरवाली नाही. रबाळे एमआयडीसीत एका लहान कारखान्यात हिशेब बघते. रबराचे गॅस्केट आणि ओ-रिंग बनतात आमच्याकडे. ऑफिसात नऊ मशिनं, एक झेरॉक्स-स्कॅनर, आणि "मॅडमना कम्प्युटरमधलं कळतं" अशी एक अफवा. ही अफवा मी एकदा टॅलीला प्रिंटर जोडून दिला त्या दिवशी उठली, ती अजून बसलेली नाही.

आमचा मेल चौदा वर्षं वेबसाइट बनवून देणाऱ्याच्याच होस्टिंगवर पडून होता. मग एका सोमवारी त्याचा मेल आला की मेलची सेवा बंद करतोय, महिनाअखेरपर्यंत सोय बघा. धाकट्या मालकांनी दुसरी कंपनी पाहिली, पैसे भरले, आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही तेवढं सगळ्यांच्या मशिनवर करून द्या." तेवढं! ठाण्याला दहा नंबरवर ट्रान्स-हार्बरची वाट बघत मी भाच्याला फोन लावला. तो ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये नोकरीला आहे. त्याने पहिला प्रश्न विचारला, "आत्या, पॉप आहे की आयमॅप?" मी म्हटलं, "मला काय माहीत, निळा पक्षी आहे."

पॉप की आयमॅप, हे आधी बघा

निळा पक्षी म्हणजे थंडरबर्ड, मशिनवर मेल वाचायचा प्रोग्रॅम. आउटलुक तसाच दुसरा. त्यात अकाउंट सेटिंग्ज उघडा, डावीकडे आपल्या खात्याखाली सर्वर सेटिंग्ज असतं, तिथे पहिल्याच ओळीत सर्वर टाइप लिहिलेलं सापडतं. आउटलुकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज. यादीत खात्याच्या नावापुढे प्रकार दिसतो.

माझ्या भाषेत सांगायचं तर आयमॅप म्हणजे बँकेतलं खातं. तुमच्या मशिनवर दिसतं ते पासबुक. खरी वही बँकेत, म्हणजे सर्वरवर. पॉप म्हणजे बँकेतून रोकड काढून घरच्या कपाटात आणून ठेवणं. मेल उतरवून घेतला की तो तुमच्या हार्डडिस्कवर. सर्वरवर प्रत ठेवायची की नाही हे एका छोट्या टिकवर ठरतं, आणि चौदा वर्षांपूर्वी ती टिक कोणी कशी ठेवली हे आज कोणालाच आठवत नाही.

हा फरक इतका ताणून सांगते, कारण नवी कंपनी जेव्हा म्हणते की "आम्ही तुमचा सगळा डेटा मायग्रेट करून देतो", तेव्हा तिला जुन्या सर्वरवर जे आहे तेवढंच उचलता येतं. कपाटातल्या रोकडीची तिला खबरही नसते. आमच्या नऊपैकी सहा मशिनांवर पॉप निघालं. म्हणजे नव्या सर्वरवर आमचा चौदा वर्षांचा व्यवहार नव्हताच. होते ते शेवटचे काही आठवड्यांचे मेल.

आणि आयमॅप असेल तर निर्धास्त, असंही नाही. पुष्कळ जण जुन्याच खात्यात सर्वरचं नाव तेवढं खोडून नवं लिहितात. वाटतं सोपं. पण तुम्ही पासबुक नव्या बँकेच्या खिडकीत सरकवलंत, आणि तिकडे खातं अजून रिकामं असेल, तर पासबुकही रिकामं होऊन परत येतं. तुमच्या मशिनवर दिसणारे मेल ही सर्वरची नक्कल आहे. सर्वर म्हणाला "काही नाही", तर प्रोग्रॅम निमूटपणे स्वतःकडचंही काढून टाकतो. म्हणून नियम एकच: जुन्या खात्यात खाडाखोड नाही. शेजारी नवं खातं उघडा. तसंही पॉपचं खातं आयमॅपमध्ये बदलायची सोय थंडरबर्डमध्येही नाही आणि आउटलुकमध्येही नाही, नवं खातं उघडावंच लागतं.

ताळा

आमच्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी. मी एक शुक्रवार धरला, डबा घेऊन आले आणि पहिल्याच मशिनवर माती खाल्ली. प्रॉडक्शनचं मशिन, थंडरबर्ड, पॉप. नवं खातं नीट जोडलं, मेल आला, मेल गेला. मग डावीकडे एकाच नावाची दोन खाती दिसायला लागली. मला दुहेरी नोंद दिसली की हात शिवशिवतात. जुन्यावर रिमूव्ह अकाउंट दाबलं. त्याने विचारलं, फक्त खात्याची माहिती काढू की मेसेज डेटाही? ही दुसरी टिक आधीपासून केलेली नसते. मी ती केली, साफसफाई पूर्ण व्हावी म्हणून. तीन वर्षांच्या परचेस ऑर्डरी, गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं, सगळं गेलं. सोमवारी सुपरवायझरकाका खुर्चीत बसले, पडद्याकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, माझं जुनं कुठंय?" निम्मी ड्रॉइंगं आम्ही गिऱ्हाइकांकडून पुन्हा मागवली. ते फोन काकांनी नाही केले, मी केले.

म्हणून दुसऱ्या मशिनपासून मी वर्षअखेरीची रीत लावली. जुनी वही बंद करायच्या आधी शिल्लक काढतात, ती पुढे ओढतात, आणि दोन्हीकडचा आकडा जुळल्याशिवाय पेन खाली ठेवत नाहीत. एक दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक मशिनला एक पान. डाव्या बाजूला जुन्या खात्यातला प्रत्येक फोल्डर आणि त्यात किती मेल. थंडरबर्डमध्ये फोल्डर निवडलात की खाली उजव्या कोपऱ्यात एकूण आकडा दिसतो. आउटलुकमध्ये खालच्या पट्टीत डावीकडे. उजवी बाजू कोरी ठेवायची, ती काम झाल्यावर भरायची.

मग नक्कल. प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, नुसता छोटा करून चालत नाही. थंडरबर्डचं सगळं धन एका प्रोफाइल फोल्डरमध्ये असतं: मेल, पत्त्यांची वही, सह्या, पासवर्ड, सगळं. तो शोधायला हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डरपुढे ओपन फोल्डरचं बटण. जागा बघून ठेवा, थंडरबर्ड बंद करा, आणि अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उचला. आउटलुकचं वेगळं. अकाउंट सेटिंग्जमध्ये डेटा फाइल्स नावाचा टॅब आहे, तिथे फाइल कुठे आहे ते कळतं. फाइलच्या नावाशेवटी पीएसटी असेल तर ती जिवापाड जपायची, पॉपचा सगळा माल तीत असतो. ओएसटी असेल तर ते पासबुक. त्याची नुसती नक्कल दुसरीकडे उघडत नाही. त्यातलं काही हवं असेल तर आउटलुक चालू असतानाच एक्स्पोर्ट करून पीएसटी काढून घ्यायची.

मोठ्या मालकांची पीएसटी ३१ जीबी निघाली. नव्या आउटलुकांत, म्हणजे २०१० पासून पुढे, एका पीएसटीच्या आकाराची मर्यादा ५० जीबी असते. २००३ आणि २००७ मध्ये २० होती. ३१ जीबी उचलायला वेळ लागला, त्यात माझा डबा खाऊन झाला.

नव्या कंपनीकडून एक कागद

मशिनला हात लावायच्या आधी नव्या मेलवाल्याकडून या गोष्टी लेखी घ्या. फोनवर घेऊ नका, एक अक्षर चुकलं की दिवस जातो. मेल आत येण्याचा सर्वर आणि पोर्ट, म्हणजे सर्वरच्या कुठल्या दाराने जायचं त्याचा नंबर. बाहेर जाण्याचा सर्वर आणि पोर्ट. दोन्हींना सुरक्षा कुठली. युजरनेम म्हणजे अख्खा ई-मेल पत्ता की नुसतं पुढचं नाव. आणि पासवर्ड नेहमीचा की वेगळा बनवायचा.

पोर्टांचे आकडे जगभर सारखेच आहेत, त्यामुळे कागदावर भलतंच दिसलं तर विचारा. आयमॅप ९९३, पॉप ९९५, दोन्हींना सुरक्षा एसएसएल-टीएलएस. बाहेर जायला ४६५ असेल तर सुरक्षेत एसएसएल-टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. या जोड्या मोडायच्या नाहीत. ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलंत तर प्रोग्रॅम फिरत बसतो आणि शेवटी दमून नाही म्हणतो. जुने ११०, १४३ आणि २५ हे आकडे कोणी सांगितले तर तो कागद जुना आहे.

सर्वरचं नाव जसंच्या तसं. झोहो या मेल देणाऱ्या कंपनीकडे तुमचं खातं भारतातल्या डेटा सेंटरात असेल तर नाव 'डॉट इन' वर संपतं. सवयीने 'डॉट कॉम' लिहिलंत की पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही. गुगलने साध्या खात्यांसाठी मे २०२२ अखेर आणि मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या मेलसाठी ऑक्टोबर २०२२ पासून नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं बंद करायला सुरुवात केली. तिथे थंडरबर्डमध्ये ऑथेंटिकेशनच्या जागी ओऑथ२ निवडायचं, मग एक खिडकी उघडते आणि तिथे लॉगिन होतं. बाकी ठिकाणी दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर ॲप पासवर्ड नावाचा वेगळा पासवर्ड त्यांच्या वेबसाइटवर बनवून घ्यावा लागतो. वेबवर लॉगिन होतंय आणि आउटलुकमध्ये होत नाही, अशी तक्रार आली की मी आता हेच पहिलं विचारते.

नवं खातं

थंडरबर्ड नवं खातं घालताना स्वतःहून सर्वर शोधायचा प्रयत्न करतं. हुशार आहे, पण आमच्याकडे त्याने दोनदा जुनाच सर्वर शोधून काढला, कारण डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ पुढच्या नावाची, जुनी नोंद अजून फिरत होती. म्हणून मॅन्युअल कॉन्फिगर दाबा आणि कागद समोर ठेवून हाताने भरा. आउटलुकमध्ये खातं आउटलुकच्या आतून घालण्यापेक्षा कंट्रोल पॅनेलमधल्या मेल या चिन्हातून घाला. तिथे हाताने भरायची खिडकी सरळ मिळते. आणि आउटलुकच्या वरच्या कोपऱ्यात नव्या आउटलुकवर जाण्याची जी कळ आहे, तिला या आठवड्यात हात लावू नका. एका वेळी एकच घर बदलावं.

नवं खातं आयमॅप घ्या. मोठे मालक म्हणाले, "मला पॉपच हवं, सवय आहे." मी त्यांना रोखलं, कारण पॉपची आणखी एक गंमत आहे. सर्वर प्रत्येक मेलला एक क्रमांक देतो, व्हाउचर नंबरसारखा. पॉपचा प्रोग्रॅम हे नंबर लक्षात ठेवतो आणि पाहिलेले पुन्हा उतरवत नाही. सर्वर बदलला की नंबर नवे. प्रोग्रॅमला वाटतं सगळाच माल नवा आहे, आणि तो तिकडे हलवलेले सगळे मेल पुन्हा खाली ओततो. एकेक मेल दोन-दोनदा. मला दुहेरी नोंद दिसली की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

नवं खातं जोडलं की जुन्याला झोपवा. थंडरबर्डमध्ये जुन्या खात्याच्या सर्वर सेटिंग्जमध्ये "सुरू होताना नवे मेल बघ" आणि "दर इतक्या मिनिटांनी बघ" या दोन्ही टिका काढा. आउटलुकमध्ये सेंड-रिसीव्ह ग्रुपमधून त्या खात्याची टिक काढा. पण ही झोपवण्याची घाई पहिल्या दोन दिवसांत नको. डोमेनची नोंद बदलली तरी जगभरचे सर्वर जुना पत्ता काही काळ लक्षात ठेवतात; किती काळ, ते त्या नोंदीतच सेकंदांत लिहिलेलं असतं. आमच्या नोंदीत ८६४०० होतं, म्हणजे बरोबर एक दिवस. तेवढ्या वेळात एखाद्या गिऱ्हाइकाची ऑर्डर जुन्याच पेटीत पडते. भाचा नंतर म्हणाला, आदल्या दिवशी तो आकडा ३०० करून ठेवायचा असतो, म्हणजे पाच मिनिटांत सगळीकडे कळतं. आधी सांगितलं असतंस तर, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "आत्या, तू फोन ठेवलास."

मेल येतो पण जात नाही

निम्म्या तक्रारी इथल्या, म्हणून इथे जरा थांबते.

थंडरबर्डमध्ये बाहेर जाण्याचे सर्वर खात्याच्या आत नसतात. अकाउंट सेटिंग्जच्या डाव्या यादीत अगदी तळाशी आउटगोइंग सर्वर अशी वेगळी ओळ आहे. नवं खातं घातलं तरी जुना सर्वर तिथे डिफॉल्ट म्हणून बसून राहतो. मग होतं असं की मेल नव्या सर्वरवरून येतो आणि जुन्या सर्वरवरून जातो. जुना चालू आहे तोवर कोणाला कळतही नाही. आमच्या डिस्पॅचच्या मुलाचे पाठवलेले मेल चार दिवस जुन्या वाटेने जात होते आणि गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडत होते. तर तळाच्या ओळीत जाऊन नवा सर्वर डिफॉल्ट करा, आणि प्रत्येक खात्याच्या पहिल्या पानावर, जिथे नाव आणि सही असते, तिथे सगळ्यात खाली कुठला आउटगोइंग सर्वर निवडलाय तेही बघा.

आउटलुकमध्ये मोअर सेटिंग्ज, मग आउटगोइंग सर्वर, तिथे "माझ्या बाहेर जाणाऱ्या सर्वरला ऑथेंटिकेशन लागतं" या अर्थाची टिक. ती राहिली की येणारे मेल व्यवस्थित, जाणारे अडकलेले.

आणि एरर वाचा. आमच्याकडे सगळे एरर दिसला की आधी ओके दाबतात आणि मग मला हाक मारतात. कनेक्शन टाइम आउट म्हटलं तर पासवर्ड बदलत बसू नका. सर्वरचं नाव चुकलंय, पोर्ट चुकलाय किंवा अँटिव्हायरस, फायरवॉल मध्ये आलंय. ५३५ हा आकडा दिसला तर सर्वरपर्यंत पोचलात, युजरनेम किंवा पासवर्ड चूक आहे. ५५० आणि रिलेइंग डिनाइड असं काही दिसलं तर ती वरची ऑथेंटिकेशनची टिक राहिलीय, नाहीतर मेल भलत्याच सर्वरमधून जायला बघतोय.

पासवर्ड बरोबर घालूनही पुन्हा पुन्हा विचारत असेल तर जुना जपून ठेवलेला पासवर्ड आडवा येतोय. थंडरबर्डमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेव्ह्ड पासवर्ड्स, तिथून जुने काढा. आउटलुकसाठी विंडोजचं क्रेडेन्शियल मॅनेजर.

सर्टिफिकेटचा इशारा आला तर डोळे मिटून एक्सेप्शन देऊ नका. आमच्याकडे तो तीन मशिनांवर आला आणि कारणं तीन निघाली. एकावर सर्वरचं नाव आमच्या डोमेनचं लिहिलं होतं आणि सर्टिफिकेट मेलवाल्या कंपनीच्या नावाचं. कागदावरचं नाव लिहिल्यावर गप्प बसलं. दुसऱ्यावर अँटिव्हायरस मध्ये बसून मेल तपासत होता. तिसरं स्टोअरमधलं मशिन, त्याची तारीख २०१० सालची! सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही असं त्या मशिनला वाटत होतं. आतला नाण्याएवढा सेल संपला होता, सीआर २०३२. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला.

त्याच स्टोअरच्या मशिनवर विंडोज ७ आणि आउटलुक २०१० आहे. तारीख दुरुस्त केली तरी ते जोडेना, कारण नव्या सर्वरांना टीएलएस १.२ लागतं आणि विंडोज ७ मध्ये ते असूनही आपोआप चालू नसतं. रजिस्ट्रीत हात घालून चालू करता येतं म्हणे. मी घातला नाही. थंडरबर्डची ११५ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, ती टाकली. जुने मेल बघायला आउटलुक तसंच ठेवलं. मशिन बदला असं धाकट्या मालकांना सांगितलंय. ते पुढच्या वर्षी बघू म्हणालेत, गेल्या वर्षीही म्हणाले होते.

स्पॅमचा घोळ

सगळं जुळल्यावरही मोठ्या गिऱ्हाइकांचे परचेसवाले म्हणेनात की मेल मिळाला. हे मशिनमधलं दुखणं नव्हे, डोमेनच्या नोंदीतलं. एसपीएफ नावाची एक ओळ असते: आमच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्वरांना आहे याचं मुखत्यारपत्र म्हणा. धाकट्या मालकांनी नव्या कंपनीची ओळ घातली, पण जुनी काढली नाही. एका डोमेनला अशी एकच ओळ चालते. दोन असल्या की समोरचा सर्वर दोन्ही रद्द धरतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणाऱ्या सर्वरची मेलवरची डिजिटल सही) यातलं एक तरी सक्तीचं केलंय, त्यामुळे चालढकल चालत नाही.

तपासायला सोपं आहे. स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, वेबवर तो उघडून तीन टिंबांतून शो ओरिजिनल दाबा. वरच एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे पास की फेल दिसतं. पास दिसेपर्यंत डोमेनवाल्याच्या मागे लागा.

जुना माल नव्या खात्यात

इथे उरक नको. आधी नव्या खात्याची जागा किती आहे ते बघा. ३१ जीबी माल आणि १० जीबीची पेटी असेल तर गणित जमणार नाही. आम्ही चालू वर्ष आणि मागचं वर्ष एवढंच नव्या आयमॅपमध्ये नेलं. बाकीचं थंडरबर्डात लोकल फोल्डर्समध्ये, म्हणजे आपल्याच हार्डडिस्कवर, आउटलुकात जुन्या पीएसटीतच.

नेताना मूव्ह करू नका, कॉपी करा. मधेच लाइन गेली तर मूव्हमध्ये काय गेलं आणि काय राहिलं याचा हिशेब लागत नाही. पाचशे-पाचशेच्या तुकड्यांनी नेले, एका वेळी एकच मशिन, कारण सगळी एकदम लावली की ऑफिसची लाइन झोपते आणि ई-वे बिल निघत नाही. प्रत्येक फोल्डर झाला की वहीची उजवी बाजू भरायची. मोठ्या मालकांच्या सेंटमध्ये सात मेलांचा फरक आला. रात्री आठपर्यंत शोधला. सातही मेल जड ड्रॉइंगांचे होते, नव्या सर्वरने आकाराला नाही म्हटलं होतं. ते जुन्या पीएसटीत राहिले, आणि वहीत तशी टीप लिहिली.

पाठवलेल्या मेलांचे दोन-दोन फोल्डर दिसायला लागतात, एक सेंट आणि एक सेंट आयटम्स. प्रोग्रॅम एकात टाकतो, वेबमेल दुसऱ्यात. थंडरबर्डमध्ये कॉपीज अँड फोल्डर्समध्ये जाऊन वेबमेल वापरतं तोच फोल्डर निवडा. वेबवर दिसणारा एखादा फोल्डर इथे दिसतच नसेल तर खात्यावर राइट क्लिक करून सबस्क्राइब करा.

सही आणि फिल्टर नव्या खात्यात आपोआप येत नाहीत. सही जुन्यातून कॉपी करून चिकटवा. फिल्टर पुन्हा लिहा, तेवढ्यात कळतं की निम्म्या फिल्टरांची गरज उरलेलीच नव्हती.

ज्यांना पडदा नाही ते

नऊ मशिनं झाली म्हणून मी वही मिटली. मंगळवारी झेरॉक्स मशिनवरून स्कॅन मेलवर जाईना. त्याच्या पोटातही सर्वर, पोर्ट, पासवर्ड असतात. मशिनच्या आयपी पत्त्यावर ब्राउझरने जाऊन बदलावे लागतात. बुधवारी टॅलीतून बिलं जाईनात. टॅलीच्या ई-मेल सेटिंगमध्ये सर्वर वेगळा लिहिलेला असतो, आउटलुकशी त्याचा काही संबंध नाही. मग वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म. मग गेटवरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर, जो रात्रीच्या हालचालीचे फोटो मालकांना मेल करायचा. तो बंद पडलाय हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, तीन आठवडे. आणि सगळ्यांचे मोबाइल, तिथेही खातं नवं घालायचं, जुन्यात खाडाखोड नाही. कामाला लागायच्या आधी एकदा कारखान्यात फेरी मारा आणि कोण कोण मेल पाठवतं ते लिहून काढा. मी आता वहीच्या शेवटच्या पानावर ती यादी केलीय, वॉचमनदादांनी सांगितलेल्या डीव्हीआरसकट.

जुनी खाती अजून डाव्या बाजूला झोपलेली आहेत. डिस्पॅचचा मुलगा परवा विचारत होता, "ताई, ती दोन-दोन नावं बरी नाही दिसत, काढू का?" त्याला म्हटलं, ऑडिट होऊ दे, सुपरवायझरकाकांनी हो म्हणू दे, आणि काढशील तेव्हा मला बोलाव, ती दुसरी टिक मी बघेन.